मुक्या सोबत्याचें आजारपण आणि विमा

घरांत कुत्रें किंवा मांजर पाळणें ही गोष्ट एके काळीं खर्चाची मानली जात नसे. उरलेसुरलें अन्न, पडवीच्या कोपऱ्यांत एक गोणपाट आणि दारापुढचें अंगण एवढ्यांत त्याचा संसार भागत असे. तें आजारी पडलें तर हळद लावावी, चार दिवस वाट पाहावी. जगलें तर आपलें, गेलें तर दैवाचें, अशी सर्वसाधारण समजूत होती. आज शहरांतील दोन-तीन खोल्यांच्या बिऱ्हाडांत तोच प्राणी कुटुंबांतला एक जीव होऊन राहतो. आणि घरच्या माणसासाठीं आजारपणांत जें जें करतां येतें, त्यांतलें पुष्कळसें त्याच्यासाठींहि करतां येऊं लागलें आहे. नव्या अडचणीचें मूळ येथेंच आहे. पूर्वीं उपायच नव्हता, म्हणून प्रश्नहि नव्हता. आतां उपाय आहे, परंतु त्याला किंमत आहे. आणि ती किंमत देण्याची ऐपत नसल्यामुळें बरा होण्यासारखा प्राणी गमावण्याची पाळी कांहीं कुटुंबांवर येते. विम्याचा विचार करावयाचा तो या प्रसंगाच्या संदर्भांत.

पशुवैद्याचें बिल हातीं आलें कीं पुष्कळांस प्रथम आश्चर्य वाटतें, आणि मग राग येतो. "माणसाच्या डॉक्टरापेक्षां जनावराचा डॉक्टर महाग!" हा उद्गार नेहमींचाच आहे. वस्तुतः त्यांत थोडा दृष्टिभ्रम असतो. माणसाच्या आजारांत खर्चाचा मोठा भाग सरकारी रुग्णालय, नोकरींतील योजना किंवा आरोग्यविमा उचलीत असल्यामुळें उपचाराची खरी किंमत घरच्यांच्या डोळ्यांस क्वचितच दिसते. जनावराच्या बाबतींत मध्यें कोणताहि पडदा नसतो. सगळा आकडा एकाच माणसाच्या खिशापुढें उभा राहतो. क्ष-किरणांचें यंत्र, सोनोग्राफीचें यंत्र, रक्त तपासण्याचीं साधनें हीं कुत्र्यासाठीं घेतलीं म्हणून स्वस्त मिळत नाहींत. शिवाय हा रोगी मुका. "येथें दुखतें" असें तो सांगूं शकत नाहीं. म्हणून जें माणसाला दोन प्रश्नांत कळतें, तें जनावराच्या बाबतींत तपासण्यांनींच शोधून काढावें लागतें. माणूस दंतवैद्यापुढें आपण होऊन तोंड उघडतो. कुत्र्याचे दांत नीट स्वच्छ करावयाचे तर त्याला भूल द्यावी लागते, आणि भूल आली कीं आधींची रक्ततपासणी, देखरेख आणि नंतरची शुश्रूषा हीं ओघानेंच आलीं.

पशुवैद्यक ही विद्या आपल्याकडे मुळांत घरगुती सोबत्यांसाठीं रुजली नाहीं. मुंबईंत १८७४ मध्यें प्राणिदयेसाठीं संस्था निघाली, परळास बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवानें जनावरांचें रुग्णालय उभें राहिलें आणि त्याच आवारांत १८८६ मध्यें पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें. त्या काळच्या शहराचा सारा व्यवहार घोडे आणि बैल यांच्या खांद्यांवर चालत होता. ट्रॅमचा घोडा लंगडला किंवा गाडीचा बैल बसला तर पोटावर गदा येत असे. त्यामुळें त्याच्या औषधाचा खर्च हा धंद्याचाच खर्च होता. घरांतील कुत्र्यामांजराला असें उत्पन्नाचें पाठबळ नाहीं. त्याच्यासाठीं होणारा खर्च निव्वळ मायेचा असतो. तरीहि ही माया केवढी वाढली आहे याची साक्ष मुंबईंतच मिळते. महालक्ष्मी येथें २०२४ मध्यें टाटा ट्रस्टच्या वतीनें लहान प्राण्यांसाठीं सुमारें ९८ हजार चौरस फुटांचें बहुमजली रुग्णालय सुरू झालें, आणि अतिदक्षता विभागापासून शस्त्रक्रियेपर्यंतच्या सोयी एका छपराखालीं आल्या.

या खर्चाचे तीन वर्ग पाडले म्हणजे विचार सोपा होतो. पहिला वर्ग ठरलेल्या खर्चाचा. वर्षाच्या वर्षाला लसी, जंतांचें औषध, गोचिडांचा बंदोबस्त, एकदां करावयाची नसबंदी, हा तो खर्च होय. तो केव्हां येणार हें आधींच माहीत असतें. दुसरा वर्ग अकल्पित आपत्तीचा. मोटारीखालीं सांपडून पाय मोडणें, मोजा किंवा चेंडू गिळल्यानें आंतडीं अडणें, मोठ्या जातीच्या कुत्र्याचें पोट फुगून त्याला पीळ पडणें, बोक्याचा मूत्रमार्ग बंद होणें. या दुखण्यांत तासांचा हिशेब असतो आणि आकडा हजारांत, क्वचित् लाखाच्या घरांतहि जातो. तिसरा वर्ग रेंगाळणाऱ्या दुखण्याचा. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, हृदयाचा अशक्तपणा, संधिवात हे म्हातारपणाचे पाहुणे एकदां आले कीं जात नाहींत, आणि दरमहा औषधांचा खर्च मागत राहतात.

पहिल्या वर्गाचा खर्च टाळून बचत होते, अशी समजूत पुष्कळ घरांत आढळते. तिच्याइतकी महाग समजूत दुसरी नाहीं. कुत्र्याच्या पिल्लांत पार्व्हो या रोगाची लस कांहीं शेंकड्यांत मिळते. रोग झाल्यावर मात्र कित्येक दिवस सलाईन लावून दवाखान्यांत ठेवावें लागतें, आणि इतकें करूनहि पिल्लू वांचेलच असें नाहीं. पावसाळ्यांत सांचलेल्या पाण्यांत उंदरांचें मूत्र मिसळून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. तो कुत्र्याला होतो तसाच माणसालाहि होतो. गोचिडांमुळें येणारा ताप कुत्र्याचें रक्त पातळ करून टाकतो. नसबंदी न केलेल्या कुत्रीच्या गर्भाशयांत उतारवयांत पू होण्याचा धोका असतो, आणि मग शांतपणें उरकणारी शस्त्रक्रिया मध्यरात्रीं जिवावर उदार होऊन करावी लागते. रेबीजबद्दल तर अधिक सांगावयास नको. त्याचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं कीं माणसाला काय, जनावराला काय, उपाय उरत नाहीं. तात्पर्य, या वर्गाचा खर्च हाच सर्वांत स्वस्त विमा होय. कोणतीहि कंपनी याहून चांगली पॉलिसी देऊं शकणार नाहीं. किंबहुना, लसी वेळेवर टोंचल्या नसतील तर त्या रोगांची भरपाई देण्याचें कंपन्या बहुधा नाकारतात.

आतां विमा म्हणजे नेमकें काय, तें पाहूं. आपल्या देशाला जनावरांचा विमा नवा नाहीं. गाईम्हशींचा विमा गेलीं कित्येक दशकें खेडोपाडीं चालत आला आहे. गाईच्या कानांत बिल्ला मारावयाचा, तिची बाजारांतील किंमत ठरवावयाची आणि ती मेली तर बिल्ला दाखवून ती किंमत घ्यावयाची, असा तो सरळ व्यवहार. "बिल्ला नाहीं तर भरपाई नाहीं" हा त्याचा प्रसिद्ध नियम. गाय ही शेतकऱ्याचें भांडवल असल्यामुळें सरकारहि या हप्त्याला हातभार लावतें; फेब्रुवारी २०२४ मध्यें केंद्र सरकारनें पशुपालकाचा हप्त्यांतील वाटा १५ टक्क्यांवर आणण्याचें ठरविलें. कुत्र्यांच्या जुन्या पॉलिसी याच सांच्यांत घडलेल्या होत्या. प्राणी मेला तर त्याची किंमत मिळे. परंतु घरच्या सोबत्याच्या बाबतींत हा सांचा बसत नाहीं. रस्त्यावरून उचलून आणलेल्या गांवठी पिल्लाची बाजारांतील किंमत शून्य. पण त्याचा पाय मोडला तर हाड बसविण्याचा खर्च विलायती जातीच्या कुत्र्याइतकाच येतो. येथें मालकाला मेलेल्याची किंमत नको असते, जिवंत ठेवण्याचा खर्च हवा असतो. म्हणूनच अलीकडच्या पॉलिसींत शस्त्रक्रिया आणि रुग्णालयांतील उपचार यांना मुख्य स्थान आलें. त्यांच्या जोडीला चोरी, हरवणें, मृत्यु आणि आपला कुत्रा दुसऱ्यास चावल्यास द्यावी लागणारी नुकसानभरपाई, अशीं कलमेंहि पुष्कळदां असतात.

परदेशांत ही कल्पना जुनी आहे. स्वीडनमध्यें १९२४ मध्यें कुत्र्याची पॉलिसी निघाली, इंग्लंडांत १९४७ मध्यें आणि अमेरिकेंत १९८२ मध्यें. स्वीडनमध्यें आज बहुसंख्य कुत्र्यांचा विमा उतरलेला असतो. इंग्लंडचा अनुभव मात्र आपल्याला अधिक बोधप्रद आहे. तेथें १९९९ मध्यें नियम सैल झाले आणि पशुवैद्य नसलेल्यांनाहि दवाखान्यांची मालकी घेतां येऊं लागली. २०१३ मध्यें शंभरांतले सुमारें दहा दवाखाने मोठ्या समूहांच्या हातीं होते; पुढील दहा-बारा वर्षांत तें प्रमाण साठाच्या आसपास गेलें. तेथील स्पर्धा व बाजार प्राधिकरणानें चौकशी करून ऑक्टोबर २०२५ मध्यें तात्पुरते निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत २०१६ ते २०२३ या काळांत पशुवैद्यकीय सेवेचे दर ६३ टक्क्यांनीं वाढल्याचें म्हटलें आहे. दवाखान्यांनीं दरपत्रक प्रसिद्ध करावें, मोठ्या उपचारांचा अंदाज आधीं लेखी द्यावा, अशा सूचनाहि त्यांत होत्या. विम्याचा प्रसार एवढा असूनहि खर्चाचा प्रश्न सुटला नाहीं, हें येथें ध्यानांत घेण्यासारखें आहे. विमा खर्च वांटून घेतो; तो खर्च कमी करीत नाहीं.

हा वांटा कसा पडतो, हें एका साध्या हिशेबानें समजेल. आंकडे केवळ उदाहरणाचे आहेत. समजा, एका वस्तींत १०० कुत्रीं आहेत आणि वर्षाकाठीं त्यांतल्या १० जणांना प्रत्येकीं ४०,००० रुपयांची शस्त्रक्रिया लागते. एकूण खर्च ४,००,००० रुपये. तो शंभरांत वांटला तर प्रत्येकीं ४,००० रुपये. परंतु कंपनीला कारकून, दलाल, तपासणी, लबाडीचे दावे आणि नफा यांचीहि सोय पाहावयाची असते. म्हणून ती समजा ६,००० रुपये हप्ता घेईल. म्हणजे सर्व मालकांचा एकत्र विचार केला तर ते दर कुत्र्यामागें सहा हजार देतात आणि चार हजार परत मिळवितात. विमा "फायद्याचा" आहे काय, या प्रश्नाचें सरासरीनें दिलेलें उत्तर त्यामुळें नेहमीं "नाहीं" असेंच येणार. वरचे दोन हजार हे निश्चिंतपणाचें मोल होय. तें देणें शहाणपणाचें कीं नाहीं, हें त्या एका दिवशीं चाळीस हजार रुपये उभे करणें त्या घराला कितपत जड आहे, यावर अवलंबून असतें.

हिशेब येथेंच संपत नाहीं. चाळीस हजारांच्या बिलावर चाळीस हजार मिळतातच असें नाहीं. समजा, आहार आणि किरकोळ वस्तू मिळून ४,००० रुपये कंपनीनें वगळले, उरले ३६,०००. त्यांतला पांचवा हिस्सा, म्हणजे ७,२०० रुपये, मालकानें सोसावा अशी अट आहे. मग मिळतात २८,८०० रुपये. अशा पॉलिसींत पांच वर्षांचा हप्ता ३०,००० रुपये होतो. अर्थात् असें मोठें दुखणें पांच वर्षांतून एकदांच आलें, तर देणें आणि घेणें जवळ जवळ सारखेंच. त्याहून लवकर आलें तर विमा कामीं आला, मुळींच आलें नाहीं तर हप्ता गेला. कोणतीहि पॉलिसी हातीं आली कीं मालकानें कागद-पेन्सिल घेऊन असाच हिशेब त्या पॉलिसीच्या खऱ्या आंकड्यांवर मांडून पाहावा. जाहिरातींतील मोठा आकडा विम्याच्या कमाल रकमेचा असतो. एका आजाराला किती, एका दिवसाला किती, तपासण्यांना किती, या पोटमर्यादा आंतल्या पानांवर असतात.

अटी वाचतांना चार गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावें. पहिली, प्रतीक्षेचा काळ. पॉलिसी घेतल्यावर कांहीं दिवस आजाराची भरपाई मिळत नाहीं. म्हणून दुखणें दिसल्यावर विमा काढण्याची धांवपळ व्यर्थ होय. दुसरी, आधींपासूनचा आजार. तो बहुधा कायमचा वगळला जातो. आणि जेथें पॉलिसी दरसाल नवी धरली जाते तेथें यंदा झालेला मधुमेह पुढच्या वर्षीं "आधींपासूनचा" ठरण्याचा संभव असतो. तिसरी, जातीचे आनुवंशिक दोष. लॅब्रॅडोरचे खुबे, डॅक्सहुंडाचा कणा, पगचा श्वास, पर्शियन मांजराचीं मूत्रपिंडें हीं ठाऊक असलेलीं दुखण्याचीं ठिकाणें. नेमकीं तींच वगळलेलीं असतील तर त्या पॉलिसीचा अर्धा जीव गेला असें समजावें. चौथी, वयाची मर्यादा. नवी पॉलिसी ठराविक वयापर्यंतच मिळते, आणि पुढें एका वयानंतर ती चालू राहत नाहीं. म्हणजे तरुणपणीं हप्ता भरावयाचा आणि खरीं दुखणीं सुरू होतां होतां छत्री मिटावयाची, असा प्रसंग येऊं शकतो. मांजरांसाठीं तर पॉलिसींची निवड कुत्र्यांपेक्षां नेहमींच कमी असते.

येथें एक कर्तव्य मालकाचेंहि आहे. विम्याचा करार परस्पर विश्वासावर उभा असतो. जन्मतारीख एक वर्ष अलीकडे आणणें, मागच्या वर्षींची फिट लपविणें या लहान दिसणाऱ्या लबाड्या नेमक्या गरजेच्या वेळीं उघड होतात आणि सगळा करार मोडतात. लसींची नोंदवही, तपासण्यांचे कागद आणि पावत्या एका पाकिटांत जपून ठेवाव्या. जनावराची ओळख पटण्यासाठीं कातडीखालीं बसविण्याची सूक्ष्म चकती आतां मिळते. गाईच्या कानांतील बिल्ल्याचेंच काम ती करते. दावा अन्यायानें नाकारला गेला असें वाटल्यास आधीं कंपनीकडे लेखी तक्रार करावी, आणि तेथें दाद न लागल्यास विमा लोकपालाचें दार मोकळें आहे.

विम्याला पर्याय म्हणून स्वतःची शिल्लक हा मार्ग पुष्कळ जाणते लोक सुचवितात. दरमहा ५०० रुपये वेगळ्या खात्यांत टाकले तर वर्षाला सहा हजार, सहा वर्षांत व्याज सोडून छत्तीस हजार होतात. या शिलकीला प्रतीक्षेचा काळ नाहीं, वयाची मर्यादा नाहीं, वगळलेला आजार नाहीं. आणि दुखणें आलेंच नाहीं तर पैसे घरांतच राहतात. तिचा दोष एकच. आपत्ति दुसऱ्या वर्षीं आली तर खात्यांत बाराच हजार असतात. त्याशिवाय ती मोडण्याचा मोह दिवाळीला आणि शाळेच्या फीच्या वेळीं आवरावा लागतो, हेंहि खरेंच.

या दोन मार्गांचे गुणदोष एकमेकांना पूरक आहेत, हें सहज ध्यानांत येईल. शिल्लक आरंभीं दुबळी आणि पुढें सबळ. विमा आरंभीं सबळ आणि पुढें दुबळा. म्हणून मध्यम स्थितींतील कुटुंबाला दोहोंची सांगड हिताची होय. प्राणी लहान आणि निरोगी असतांना, फक्त मोठ्या शस्त्रक्रिया आणि रुग्णालयांतील उपचार यांपुरती साधी पॉलिसी घ्यावी. किरकोळ तपासण्यांची भरपाई देणारा महाग हप्ता भरूं नये, कारण जो खर्च ठरलेलाच आहे त्याचा विमा काढणें म्हणजे आपलेच पैसे दलालामार्फत परत घेणें होय. त्याच वेळीं लहानशी रक्कम बाजूला पडत राहावी. प्राणी आठ-दहा वर्षांचा होऊन पॉलिसी संपेल तेव्हां शिल्लक हातीं येईल. ज्यांना अकस्मात् लाख रुपयांचा खर्च सहज पेलतो त्यांना विम्याची गरज नाहीं. ज्यांच्या प्राण्याचें वय झालें आहे किंवा दुखणें आधींच जडलें आहे, त्यांनीं हप्त्याचा पैसा औषधाकडे वळवावा. ज्यांच्या घरीं आनुवंशिक दोषांच्या जातीचा तरुण प्राणी आहे, त्यांनीं ते दोष पॉलिसींत समाविष्ट असल्याची लेखी खात्री करून विमा अवश्य काढावा. आणि ज्यांना हप्ता आणि शिल्लक दोन्हीं जड आहेत, त्यांनीं प्राणिदयेच्या संस्थांचे दवाखाने आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयें यांचे पत्ते व वेळा आधींच टिपून ठेवाव्या. लंडनमध्यें १९१७ मध्यें मारिया डिकिन या बाईंनीं गरिबांच्या जनावरांसाठीं मोफत दवाखाना काढला, तो याच जाणिवेनें. माया ही ऐपत पाहून जडत नाहीं, हें त्यांनीं ओळखलें होतें.

दवाखान्यांतहि कांहीं प्रश्न निःसंकोच विचारावे. ही तपासणी केली तर उपचार बदलणार आहे काय? एकूण अंदाजी खर्च किती, आणि तो कोणत्या टप्प्यांत येईल? याहून साधा उपाय आहे काय, आणि त्यानें किती गुण येईल? चांगला डॉक्टर या प्रश्नांनीं रागावत नाहीं. उलट घरची स्थिति कळल्यानें त्याला योग्य तो मार्ग सुचवितां येतो.

शेवटीं एक गोष्ट हिशेबाच्या पलीकडची. आपल्यासोबत चालत आलेल्या कुत्र्याला बाहेर सोडून स्वर्गांत शिरण्याचें धर्मराजानें नाकारलें, ही कथा आपल्याकडे मुलांनाहि ठाऊक असते. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानेंहि पाळलेल्या जनावराच्या क्षेमाची काळजी घेणें हें मालकाचें कर्तव्य ठरविलें आहे. तरीहि महाग दुखणें आलें म्हणून म्हातारें कुत्रें दूरच्या रस्त्यावर सोडून येणारे लोक आढळतात. त्यांतले सगळेच निर्दय असतात असें नव्हे. कित्येक जण खर्चाच्या भीतीनें गोंधळलेले असतात. आजींचें औषध आधीं कीं कुत्र्याची शस्त्रक्रिया आधीं, हा वाद रात्रीं दोन वाजतां रुग्णालयाच्या पायरीवर सुरू झाला म्हणजे त्यांतून चांगला निर्णय क्वचितच निघतो. सुटका नसलेल्या वेदनांत प्राण्याला डॉक्टरांच्या हातून शांत मरण देणें हीहि कधीं कधीं दयाच असते. पण तो निर्णय दुखणें पाहून घेतला जावा, पाकीट पाहून नव्हे. त्यासाठीं पिल्लू घरीं आणण्यापूर्वीं घरांतील सर्वांनीं एकत्र बसून ठरवावें कीं, या जिवासाठीं आपण किती खर्च करूं शकूं, तो कोठून येईल आणि कोठें थांबावें लागेल. विमा काढावा कीं शिल्लक टाकावी हा त्यानंतरचा प्रश्न. आणि पहिला प्रश्न प्रामाणिकपणें सोडविला असेल तर दुसऱ्याचें उत्तर ज्याचें त्याला सांपडतें.